पाटीलबाईंच्या ताब्यातल्या कुंड्या

आमच्या गावात थंडीबद्दल कोणी वाईट बोललेलं चालत नाही. डिसेंबर लागला की माणसं सकाळी अंगणात उभी राहून हात चोळतात आणि शेजाऱ्याला विचारतात, "काय, हाय ना गारवा?" शेजारी दात वाजवत म्हणतो, "हाय की." आणि दोघंही खूश होऊन आत जातात. हापूसला मोहोर यायचा तर थंडी पडावी लागते, आणि मोहोर आला तर पुढचं सगळं. ज्या वर्षी थंडी पडत नाही त्या वर्षी कलमं नुसती तांबडी पालवी काढतात आणि बागवाले तोंड पाडून हिंडतात. आमचे हे, म्हणजे परशुराम, थंडीत स्वेटर घालत नाहीत. घातला तर तिला राग येईल आणि ती आल्या पावली परत जाईल, असं त्यांना वाटत असावं. अशा या गावात यंदा थंडीला शिव्या देणारी एकच बाई होती, आणि ती मी.

मी कुसुम. देवरूखवरून घाटाच्या अंगाला चढत गेलं की वाकणकोंड लागतं, तिथली मी पोलीस पाटील. नाव मोठं आहे, पण त्यात पोलीसही नाही आणि पाटीलकीही नाही. गावात भांडण झालं, कोणाला साप चावला, रानात कोणी अनोळखी माणूस सापडला की खाली ठाण्यात फोन करायचा आणि साहेब आले की त्यांना चहा पाजून गाव दाखवायचं, एवढंच काम. फोनला रेंज मिळायला गावावरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, चढावं लागतं, म्हणून गुडघे तेवढे शाबूत लागतात. लोक आमच्या ह्यांना पाटीलबाईंचे मिस्टर म्हणतात आणि ते त्यांना आवडत नाही, पण साहेबांबरोबर चहा प्यायला मिळतो ते आवडतं.

तर झालं काय, डिसेंबरच्या सुरुवातीला गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. बौद्धवाडीतल्या एका घराच्या खिडकीत संध्याकाळी जांभळा उजेड दिसतोय आणि त्या उजेडात कसली तरी उंच झाडं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'हे काय चाललंय आपल्या गावात?' मग मुंबईकर चाकरमानी जागे झाले. त्यांनी गूगल करून पानांचे फोटो टाकले. कोणी म्हणालं गांजा, कोणी म्हणालं शंभर टक्के गांजा. गावात राहणाऱ्या एकालाही उठून त्या खिडकीपर्यंत जावंसं वाटलं नाही. व्हिडिओ ठाण्यात पोचला आणि सड्यावर गेले असताना मला फोन आला.

ते घर रेणुकाचं. नवरा मुंबईला गोदीत होता, तो वारल्याला बरीच वर्षं झाली. मुलगा सम्यक. डी.एड. होऊन कितीतरी वर्षं भरतीची वाट बघत बसला होता आणि यंदा कुठे त्याचं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून नाव लागलं होतं. जानेवारी संपायच्या आत हजर व्हायचं होतं, आणि त्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. तो दाखला नेमका त्या वेळी ठाण्यात पडून होता. गांजाची नुसती नोंद झाली असती तरी त्या कागदावर काय लिहिलं गेलं असतं हे कोणालाही कळेल.

मी फौजदारसाहेब आणि दोन शिपाई यांना घेऊन तिथे गेले. सम्यकने दार उघडलं. खोलीत चार कुंड्या होत्या, वर तो जांभळा दिवा टांगलेला. छातीइतकी उंच, सरळ सोट झाडं, आणि पानं बोटं फाकलेल्या हातासारखी. साहेबांनी मोबाइलमधला फोटो पानाशेजारी धरला. मीही डोकावले. खोटं कशाला बोलू, सारखंच दिसत होतं.

"साहेब, अंबाडी आहे," सम्यक म्हणाला. "पालेभाजी. वाशीमचा माझा मित्र आहे, त्याच्या घरचं बी. आम्ही खातो."

"भाजी घरात लावतात का? तीही दिवा लावून?"

"आधी परसात लावायचो. आता माकडं काही ठेवत नाहीत. मागच्या वर्षी मिरच्यासुद्धा उपटून टाकल्या. म्हणून आत आणली. आत ऊन नाही, म्हणून दिवा."

माकडांचं खरंच होतं. आमच्या गावात आता वेलावर पडवळ दिसत नाही की दारात शेवग्याची शेंग. पण साहेब मुंबईत पोलीस लाइनीत वाढलेले. कोथिंबीर आणि मेथी या पलीकडे त्यांची पालेभाज्यांशी ओळख नव्हती. सम्यकने एक पान खुडलं, तोंडात टाकलं आणि चावून दाखवलं. "आंबट लागतं साहेब. बघा ना खाऊन."

"मी ड्युटीवर संशयित माल खाऊ?" साहेब म्हणाले. "आणि तू खाल्लंस त्यानं काय सिद्ध होतं? गांजावाला पण खाईल."

त्याच्या वाडीतले दोघं-तिघं पुढे आले आणि म्हणाले, साहेब, आमी पण खाल्लीय ही भाजी. साहेबांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आपल्या वाडीतल्या माणसाची बाजू कोण घेणार नाही?" रेणुका आतल्या दाराच्या चौकटीत उभी होती. तिची नजर साहेबांवर नव्हती, माझ्यावर होती.

कृषी सहायक नितेशला बोलावणं गेलं. तो दुपारी मोटारसायकलवरून आला, झाडांभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, देठ चाचपला, पान उजेडात धरलं आणि म्हणाला, "अंबाडीच दिसतेय."

"मग तसं लिहून द्या," मी म्हटलं.

"लिहून म्हणजे... काकी, पानावरून असं लेखी नाही देता येत. उद्या कोर्टात कोणी विचारलं तर? फूल येऊ दे. अंबाडीचं फूल भेंडीसारखं मोठं पिवळं असतं, आत तांबडा डोळा. गांजाला जन्मात तसं फूल येत नाही. फूल दिसलं की लगेच सही करतो. पण उशीर नको, दुपारपर्यंत मिटतं ते."

शिकलेला मुलगा, पण सही म्हटलं की त्याचा हात आखडतो. सगळ्यांना मनातून कळलेलं होतं आणि लिहून द्यायला एकही तयार नव्हता. आपल्याकडे बहुतेक कामं याच खड्ड्यात अडकतात.

साहेब माणूस वाईट नव्हते. अंगणात येऊन ते मला म्हणाले, "पाटीलबाई, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा तर आधी नोंद करावी लागते. अहवालाला किती महिने लागतील सांगता येत नाही. तोवर पोराची नोकरी गेली. मी जानेवारीअखेरपर्यंत थांबतो. कुंड्या इथं त्याच्या घरात ठेवता येणार नाहीत, उद्या म्हणतील त्यानं झाडं बदलली. तुमच्या ताब्यात घ्या. फूल आलं की मला कळवा."

"आणि मेली तर?"

"मेली तर मग वाळलेली पानं पाठवायची. म्हणजे नोंद करायची."

अशा रीतीने चार कुंड्या टेम्पोत बसून माझ्या घरी आल्या. सगळं गाव बघायला जमलं. जन्मात कधी साधी तुळस नीट न जगवलेल्या बाईच्या गळ्यात एका पोराची नोकरी चार देठांसकट पडली. आमच्या ह्यांनी कुंड्यांकडे बघून विचारलं, "ह्यांना खत काय घालायचं?" मी म्हटलं, "तुम्ही लांब राहा, हेच खत."

पडवीला लागून आमची धान्याची खोली आहे, तिथे मी त्या ठेवल्या. सम्यक रोज संध्याकाळी यायचा. कुंडीला हात लावायचा नाही, साहेबांनी बजावलं होतं. उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगायचा आणि मी करायची. त्यानेच सांगितलं की अंबाडीला थंडी सोसत नाही. विदर्भात ती पावसात पेरतात आणि कडक थंडी यायच्या आत तिचं सगळं आटपतं. ही उशिरा लावलेली, म्हणून आता जपायला हवी.

"काकी, कुंड्या लादीवर नको. खालून गारठा चढतो. मुळं गारठली की वरून काही केलं तरी उपयोग नाही."

मी पाट मांडले, पाटांवर भाताचा पेंढा पसरला, त्यावर कुंड्या. खिडकीला आतून गोणपाट लावलं. पाणी संध्याकाळी घालायचं नाही, सकाळी ऊन चढल्यावर, तेही कोमट. कोमट पाणी झाडाला घालायचं म्हटल्यावर ह्यांनी विचारलं, "साबण पण देऊ काय?" जांभळा दिवा साहेबांनी जप्त केला होता, म्हणून मी माळ्यावरचा जुना पिवळा बल्ब शोधला, तो मोठा, हात भाजेल असा, आणि झाडांच्या डोक्यावर टांगून रात्रभर चालू ठेवायला लागले. सकाळी त्या खोलीत शिरलं की उबदार वाटायचं. घरातलं मांजर तिथेच मुक्कामाला गेलं.

झाडं जगली. हिरवीगार राहिली, नवी पानंही काढली. फूल मात्र नाही. मी रोज सकाळी चष्मा लावून एकेका बेचक्यात बघायची. काही नाही. सम्यक विचारायचा, "काही दिसतंय का काकी?" आणि मी नाही म्हटलं की "येईल" म्हणून हसून निघून जायचा. त्याचं ते हसणं दर दिवशी थोडं थोडं कमी होत होतं, ते मला दिसत होतं. शाळेतून त्याला एकदा फोनही येऊन गेला, कधी हजर होताय म्हणून. गाव नदीपलीकडचं, दोनच शिक्षकांची शाळा. एवढं सांगून तो निघाला.

आणि मग जानेवारीतली थंडी आली. अशी थंडी कित्येक वर्षांत पडली नव्हती. सकाळी सड्यावरचं गवत ओलं गार, बोलताना तोंडातून वाफ. देवळाजवळ भेटेल तो बागवाला हसतमुख. हे तर सकाळी उघड्या अंगाने बागेत जाऊन यायचे आणि म्हणायचे, "अगो, काय थंडी पडलीय! कलमं नुसती फुटायला बसलीत." घरात एक माणूस थंडी वाढावी म्हणून देवाला नारळ बोललेला आणि दुसरं माणूस ती कमी व्हावी म्हणून. देवाची काय पंचाईत झाली असेल ती त्यालाच ठाऊक.

मी दुसरा बल्ब लावला. चुलीत जांभ्याचे दगड तापवून गोणपाटात गुंडाळले आणि कुंड्यांमध्ये ठेवले. दार बंद, फटींत चिंध्या. वीजबिल किती येईल यावर ह्यांनी तोंड उघडलं, ते मी डोळ्यांनीच बंद केलं. झाडं टिकली, पण फुलाचं नाव नाही. जानेवारी निम्मा सरला.

माझ्या आत्तेबहिणीकडे खेडला साखरपुडा होता, एक दिवस मुक्काम करावाच लागला. जाताना मी ह्यांना सगळं समजावून सांगितलं. बल्ब चालू ठेवा, दार उघडू नका, पाणी सकाळी कोमट. त्यांनी मान हलवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या मान हलवण्याचा अर्थ मला अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने निघून मी घरी पोचले. अंगणात पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबले. चारही कुंड्या अंगणाच्या कडेला, उघड्यावर, दरीकडून वारा येतो त्या बाजूला ओळीने मांडलेल्या. पानं खाली लोंबत होती. तीन झाडांचे शेंडे काळे पडले होते.

हे पडवीत चहा पीत बसले होते. चेहऱ्यावर काम केल्याचं समाधान.

"कोणी काढली बाहेर?"

"मी. काल सांजचीच ठेवली." आणि माझ्या तोंडाकडे बघून जरा हळू आवाजात, "अगो, महिना झाला, तू त्यांना गोधडीत घालून बसलीयस. थंडी खाल्ल्याबिगर झाड फुलतं काय कधी? मोहोर कसा येतो? म्हटलं एक रात्र मस्त थंडी लागू दे. चार दिवसांत बग, कळे धरतील."

मला खूप काही बोलायचं होतं, आणि मी ते बोललेही. इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलता बोलताच मला कळत होतं की यात त्यांचा कावा नव्हता. हा माणूस जन्मापासून आंब्याखाली वाढलेला. फूल म्हणजे थंडी, थंडी म्हणजे फूल, याच्या बाहेर त्याला झाड माहीतच नाही. त्यांना सम्यकचं भलंच करायचं होतं. करायला गेले गणपती आणि झालं माकड, आणि आमच्या गावात माकडांना काय तोटा?

संध्याकाळी सम्यक आला. मी नुसतं खोलीकडे बोट केलं. तो उंबऱ्यापाशी उभा राहिला. तीन झाडांची पानं तोवर गळून पडली होती. चौथ्याची खालची गेली होती, वरची चार-पाच पानं तेवढी अजून देठाला धरून होती. ते झाड बाकीच्या तिघांच्या आड आल्यामुळे वाऱ्यापासून वाचलं असावं.

"कोणी केलं?" त्याने विचारलं.

हे पुढे आले. "मी केलं," म्हणाले. "मना वाटलं फुलेल."

मला वाटलं आता तो ओरडेल, आणि ओरडावं असंही वाटलं. त्याने फक्त चष्मा काढून पुसला. "असू दे काका," म्हणाला. "तुम्ही मुद्दाम नाही केलंत." आणि उंबऱ्यावर खाली बसला. त्या पोराने आम्हाला माफ केलं याचं मला बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. त्याला माफ करण्याची सवय झालेली होती, आणि ती सवय कशी लागते हे मला माहीत आहे.

त्या दिवसापासून ह्यांनी ते एक झाड आपल्याकडे घेतलं. मला विचारलंही नाही. कुंडी उचलून न्हाणीघरात नेली, बाहेरच्या चुलवणाच्या भिंतीला लागून ठेवली. आमच्याकडे पाणी तापवायचं चुलवण मोठं आहे, आणि त्याच्या आतल्या बाजूची भिंत दिवसभर कोमट राहते. न्हाणीत बल्ब नाही, वर एक कौलातली काच आहे, तेवढाच उजेड. हे पहाटे उठून चुलवणात लाकूड घालायचे, दुपारी परत घालायचे, संध्याकाळी निखारा विझू द्यायचे नाहीत. कुंडीभोवती त्यांनी स्वतःचा स्वेटर गुंडाळला. बागेत कलमं मोहरायला लागली होती, आजूबाजूचे लोक येऊन सांगायचे, परशुराम, तुझी वरची ओळ बघ कशी फुललीय. हे "बगतो" म्हणायचे आणि न्हाणीत जायचे. आम्हाला आंघोळी दोरीवर कपड्यांचा आडोसा करून कराव्या लागल्या, कारण झाडावर साबणाचं पाणी उडता कामा नये.

मी आशा सोडली होती. मनातल्या मनात साहेबांना काय सांगायचं ते जुळवत होते. आणि एके सकाळी हे न्हाणीतून नुसते "कुसुम" म्हणाले. नावाने ते मला वर्षातून एकदा हाक मारतात. मी धावत गेले. वरच्या पानाच्या बेचक्यात हिरवा, टोकदार, केसाळ कळा धरला होता. एकच. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघांनीही तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दृष्ट लागायला आमचीच पुरेशी होती.

कळा मोठा होत गेला. ज्या सकाळी तो उमलला त्या सकाळी न्हाणीत कौलाच्या काचेतून ऊन आलं होतं. फिकट पिवळं फूल, तळहाताएवढं, मध्ये गडद तांबडा डोळा. भेंडीच्या फुलासारखंच, पण भेंडीच्या फुलाकडे मी कधी अशी बघत राहिले नव्हते. माझे डोळे भरून आले. मी तशीच उभी राहिले आणि मग नितेशचं बोलणं आठवून घाबरले. तो म्हणाला होता, ही फुलं दुपारपर्यंत मिटतात. झाडावर दुसरा कळा नव्हता. जानेवारीचेही थोडेच दिवस उरले होते.

घरात रेंज नाही. हे चप्पल न घालता सड्यावर पळाले. गुडघ्यांची कुरकुर करणारा माणूस, वाटेत एकदाही थांबला नाही असं समोरच्या घरातल्या बाईने मला नंतर सांगितलं. मी न्हाणीच्या दारात वेताचा मोडा घेऊन बसले. मांजर आत येऊ नये, कोंबडी येऊ नये, आणि फुलावर वाराही फार लागू नये म्हणून.

साहेब आणि नितेश एकाच जीपमधून आले. फूल तोवर कडेने जरा आक्रसायला लागलं होतं, पण तांबडा डोळा स्पष्ट होता. साहेब वाकून न्हाणीत शिरले, दोरीवरच्या माझ्या परकराला बाजूला सारून फुलासमोर बसले आणि बराच वेळ बघत राहिले. नितेशने फोटो काढले आणि मोडा ओढून तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. सहीची शाई वाळायच्या आत साहेब म्हणाले, "दाखला आजच देतो."

"आमच्या थंडीमुळे फुललं," हे म्हणाले. पळून आल्याने त्यांना अजून धाप लागली होती.

नितेश म्हणाला, "तसं नाही काका. अंबाडीला फुलायला रात्र मोठी लागते. आधी दिवा रात्रभर चालू होता ना, झाडाला रात्रच होत नव्हती. न्हाणीत ऊब होती आणि अंधारही."

म्हणजे महिनाभर मी ज्या बल्बने तिला जगवलं त्यानेच तिला फुलू दिलं नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. जीप गेली तशी मी चहाची भांडी धुवायलाही थांबले नाही.

कुंडी परत द्यायची होती. टेम्पो बोलावता आला असता, सम्यकलाही निरोप देता आला असता. पण साहेबांनी त्याला दाखल्यासाठी जीपमधूनच खाली नेलं होतं. मी पदर खोचला, चुंबळ केली आणि कुंडी डोक्यावर घेतली. देवळापुढून, वरच्या वाडीतल्या सगळ्या घरांवरून, मुख्य वाटेने चालत गेले. ज्यांनी ग्रुपवर व्हिडिओ बघितला होता त्यांनी फूलही बघावं, असा माझा हेतू होता. बघितलं त्यांनी. दारात येऊन बघितलं. मला फार बरं वाटत होतं, खोटं बोलणार नाही. एखादं मोठं काम करून आल्यासारखं.

रेणुका अंगणात कुळीथ झोडत होती. मला बघून काठी थांबवली.

"रेणुका, फूल आलं गो," मी म्हटलं. "साहेब बघून गेले. सगळं मिटलं."

"सम्यक जाताना सांगून गेलाय," ती म्हणाली.

मी कुंडी पडवीच्या कडेला उतरवली. फूल अर्धं मिटलं होतं, तरी पिवळं दिसत होतं. "बघ तरी," मी म्हटलं. "काय देखणं आहे."

ती जागची हलली नाही. फुलाकडे तिने बघितलंही नाही.

"मी कशाला बगू, पाटीलबाई? मना ठाव हाय ता काय हाय." तिने काठी खाली ठेवली. "तीन वरसं हितंच परसात व्हती, उघड्यावर. वाटेवरनं दिसायची. फुलायची, बी धरायची. तुमी त्या वाटेनं किती येळा गेलात. एकट्या कवा आत आला असतात नि इचारलं असतंत, रेणुका, काय लावलंस गो, तर तुमालाबी भाजी वाढली असती."

ती रागाने बोलली नाही. तिने सांगितलं फक्त. मला लाज वाटली. आमच्या वाडीत कोणी नवं झुडूप लावलं की पहिली कुंपणाशी जाऊन चौकशी करणारी मी, आणि जगवता येत नसली तरी फांदी घेतल्याशिवाय मी परत येत नाही. ह्या अंगणात मी कितीदा आले असेन. मतदार यादी घेऊन, नोटीस घेऊन, शेवटी पोलीस घेऊन. परस कुठल्या बाजूला आहे ते मला माहीत नव्हतं. महिनाभर मी झाडाला थंडी वाजू नये म्हणून जपत होते आणि ह्या घरात कोणाला झोप लागते का, हे विचारायला मी एकदाही खाली आले नव्हते.

"चुकलं," एवढंच मी म्हटलं.

रेणुकाने कुंडीतल्या मातीला बोट लावून बघितलं. "हिला बी धरू दे आता," म्हणाली. मग पडवीतलं कुळीथ पाखडायचं सूप उचलून बाजूला ठेवलं आणि तेवढी जागा हाताने पुसली.

"बसा," म्हणाली.

मी बसले. त्या पडवीत मी आजवर कायम उभ्यानेच बोलत आले होते.